जुनी १.३ पेट्रोल स्विफ्ट आणखी पंधरा वर्षं चालवायची असेल तर

विचारणारे साताऱ्याचे आहेत, नोकरी कऱ्हाडला. वडिलांनी २००७ साली घेतलेली पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय, एमएच-११ पासिंग, दीड लाखाच्या आसपास पळालेली, त्यांच्याकडे आली आहे. घरचे म्हणतात विकून टाक, नवी घे. यांचं म्हणणं, यवतेश्वर घाट चढताना या गाडीत जी मजा आहे ती शोरूममधल्या नव्या गाडीत मिळत नाही. प्रश्न असा की इंजिन अजून किती चालेल, ते खोलून नवं करून घ्यावं का, सीएनजी बसवावा का, आणि सरकार कधीतरी गाडी भंगारात काढायला लावेल का.

आधी उत्तर, मग कारणं. गाडी ठेवा. पंधरा वर्षं हा आकडा अशक्य नाही. पण तुमच्या प्रश्नात इंजिन हा शब्द पाच-सहा वेळा आलाय आणि पत्रा हा शब्द एकदाही नाही. इतकी वर्षं गॅरेज चालवताना माझ्या दारातून भंगारात गेलेल्या गाड्या आठवल्या, तर इंजिन संपलं म्हणून गेलेल्या फार थोड्या. बाकीच्यांचा पत्रा कुजला, नाहीतर वायरिंगमध्ये इतक्या जणांनी हात घातला की शेवटी कुणालाच काही कळेना. इंजिन बाजारात मिळतं, गिअरबॉक्स मिळतो. कुजलेल्या बॉडीच्या जागी नवी बॉडी मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून खर्चाचा क्रम पत्रा, रबर, वायरिंग आणि मग इंजिन असा ठेवा. आपल्याकडे लोक नेमका उलटा ठेवतात.

गाडी काय आहे तेही नीट समजून घ्या, कारण तुमच्या पिढीला ती नुसती ‘जुनी स्विफ्ट’ वाटते. मे २००५ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन होतं. ८७ पीएस ताकद ६००० आरपीएमला, ११३ न्यूटन-मीटर टॉर्क ४५०० ला. गाडीचं वजन जेमतेम टनभर. हे आकडे आज मोठे वाटणार नाहीत, पण हलकी गाडी, वर फिरायला आवडणारं इंजिन आणि कोपऱ्यांवर टेकलेली चाकं, यातून ती मजा येते. २०१० मध्ये बीएस-४ हा प्रदूषणाचा नियम आला आणि पेट्रोलमध्ये १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन बसलं. ते जास्त शहाणं आहे, ॲव्हरेजही चांगलं देतं. पण दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना जुनं १.३ ज्या आवाजात ओरडतं ते त्याला जमत नाही. एवढं माझंही मत तुमच्या बाजूने आहे असं समजा.

या इंजिनाची एक गोष्ट तुमच्या फार फायद्याची आहे. हेच जी१३बीबी घराणं एस्टीममध्ये होतं, व्हर्सात होतं, आणि मुख्य म्हणजे जिप्सीत होतं. जिप्सी स्विफ्टनंतरही बरीच वर्षं बनत राहिली, लष्कराने मोठ्या संख्येने घेतली. आपल्या जिल्ह्यात फौजी घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. लिलावातून आलेली एखादी जिप्सी आसपास सापडतेच. म्हणून आतला माल, म्हणजे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, यांची चणचण लवकर भासणार नाही. फक्त पार्ट नंबर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जिप्सीचं इंजिन उभं बसतं, स्विफ्टचं आडवं, त्यामुळे बाहेरून लागणाऱ्या बऱ्याच वस्तू वेगळ्या आहेत.

आता पत्रा.

सातारा शहरात पाऊस बेताचा, पण तुमची गाडी शहरात थोडीच थांबते. कास, बामणोली, महाबळेश्वर, आणि वर्षातून एकदोनदा कुंभार्ली घाट उतरून कोकण. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथला लाल चिखल चाकाच्या कमानीत, फेंडरच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. वरून गाडी चकचकीत धुतलेली असते. गंज मात्र त्या चिखलाच्या पोटात चालू असतो. कोकणात चार दिवस समुद्राकाठी गाडी उभी केली तर त्यात खारी हवाही मिसळते.

पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घ्या, रॅम्प नाही. लिफ्टवर चाकं लोंबकळतात आणि कमानीच्या आत हात जातो. पुढच्या फेंडरमधलं प्लॅस्टिकचं अस्तर काढायला सांगा. त्याच्या मागे, दाराच्या बिजागरीखाली, चिखलाचा लाडू सापडेल. तो काढून पाण्याने धुवा. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखालचा पत्रा, म्हणजे दारं उघडल्यावर पाय ठेवतो ती पट्टी, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भसभस आवाज आला, किंवा मूठ थोडी आत गेली, तर तिथे काम आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. काच धुताना आणि पावसात दारात पाणी जातंच, ते बाहेर पडलं नाही की दार खालून कुजतं. बॅटरीचा ट्रे काढून त्याच्या खाली बघा, ॲसिड तिथे सांडतं. वायपरच्या खालच्या जाळीत झाडाचा पाला अडकतो, त्याने पाणी तुंबतं आणि केबिनमध्ये उतरतं. डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर एसीच्या ड्रेन पाइपवर नाव जातं, पण पाला आधी काढून बघा. डिकीतलं स्टेपनी ठेवायचं भांडंही उचलून बघायचं. टेललाइटचं रबर आखडलं की तिथे हळूहळू पाणी साठतं, आणि मालकाला त्याचा पत्ता स्टेपनी लागेल त्या दिवशी लागतो.

गंज सापडला तर करायचं काय, हा खरा मुद्दा. डेंटिंगवाले दोन सोपे मार्ग सुचवतात. एक, वरून लांबी (खड्डे भरायची पुटी) भरून रंग मारणे. दुसरा, खालून काळं डांबरी कोटिंग फवारणे. गंज साफ न करता केलेलं हे दोन्ही काम पैसे देऊन गंज झाकणं आहे. कोटिंगच्या आत ओल अडकते आणि गंज पत्रा आधीपेक्षा जोरात खातो. वरवरचा गंज असेल तर पत्रा दिसेपर्यंत घासा, रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. भोक पडलं असेल तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या, आणि वेल्डच्या आतल्या बाजूला पोकळीत मेणाचं कोटिंग मारायला लावा. ही कामं करणारे हात कमी होत चाललेत. साताऱ्यात कुणी नाही सापडलं तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा. तिथे ‘नवा टाका’ म्हणण्याआधी ‘बनवू’ म्हणणारी माणसं अजून आहेत.

रबराकडे लोकांचं लक्ष जात नाही, कारण ते आवाज न करता म्हातारं होतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या गाडीत कंपनीचं मूळ रबर राहिलं असेल तर ते सगळं बाद समजा: रेडिएटरचे होज, हीटरचे होज, ब्रेकचे रबरी पाइप, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं), ड्राइव्ह शाफ्टचे बूट, दारांची बीडिंग. एकेक फाटेल तसं बदलत बसू नका. जे मिळतंय ते एका दमात बदला. ब्रेकचे रबरी पाइप आतून सुजतात. पेडल दाबलं की ब्रेक लागतो, सोडलं की लगेच सुटत नाही. लोक कॅलिपर बदलतात आणि तक्रार तशीच राहते.

याच्यात आता पेट्रोलची भर पडली आहे. पंपावर हल्ली मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये ते सोसणारं रबर-प्लॅस्टिक असतं, तुमच्या २००७ च्या गाडीत ते गृहीत धरलेलं नव्हतं. गंमत अशी की यातलं काही इथेनॉल आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचं असतं. म्हणजे चुलत्याच्या शेतातला ऊस तुमच्या गाडीचा होज खातोय असंही होऊ शकतं. घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण तीन गोष्टी करून टाका. इंजिनपाशी असलेले पेट्रोलचे सगळे रबरी होज आणि इंजेक्टरचे ओ-रिंग इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे बसवा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पेट्रोल फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला. आणि गाडी महिना-दीड महिना उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका; इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि रिकाम्या जागेत हवा असते. ॲव्हरेज कमी झालं म्हणून मेकॅनिकशी भांडू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की हिशेबाने सहा-सात टक्के ऊर्जा तिथेच गेली. गाडी वास मारायला लागली, पेट्रोलचा, तर त्या दिवशी ती चालवायची नाही. होज आधी.

कूलिंगबद्दल आपल्या भागातल्या मेकॅनिकांची एक खोड तुम्हाला माहीत असली पाहिजे. गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकतात, फॅन डायरेक्ट करतात आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरतात. गाडी गरम होणं थांबतं, गिऱ्हाईक खूश. पण थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापतच नाही, थंड इंजिन समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, आणि तेलात पेट्रोल उतरून रिंगा घासतात. बोअरच्या पाण्याचे क्षार आत थर धरतात. हे इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे. एकदा खरंच तापलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि मग ज्याला तुम्ही ‘इंजिन काम’ म्हणताय ते सुरू होतं. म्हणून आज बोनेट उघडा आणि बघा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का, फॅन आपोआप चालू-बंद होतो का, कुलंटला रंग आहे का की नुसतं गढूळ पाणी. नसेल तर सिस्टीम फ्लश करून, डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट. रेडिएटरचं टोपणही बदला, स्वस्त वस्तू आहे, प्रेशर धरत नसेल तर सगळ्या कारभाराला अर्थ नाही.

इंजिन खोलू नका. दीड लाख किलोमीटर म्हणजे या इंजिनाचं म्हातारपण नाही. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडर किती दाब धरतात त्याची तपासणी, करून घ्या. चारही सिलेंडर जवळपास सारखे आले, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, तेल दोन सर्व्हिसच्या मध्ये भरावं लागत नाही, तर त्या इंजिनाला हात लावणं म्हणजे चांगल्या शिवणीची उसवण. करायचं ते एवढंच. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकच्या तालावर ठेवणारा पट्टा. या १.३ ला बेल्ट आहे, २०१० नंतरच्या १.२ ला चेन, आणि बरेच तरुण मेकॅनिक दोन्हींत गल्लत करतात. बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते. तो शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं धरा. सोबत टेन्शनर, वॉटर पंप, आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील एकदम; मजुरी तीच लागते. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट. यात ते स्क्रूने सेट करावे लागतात, आणि हे काम हल्ली कुणी सुचवत नाही, कारण नव्या गाड्यांत ते राहिलेलं नाही. जुन्या एस्टीमवर हात बसलेला मेकॅनिक शोधा. थंड इंजिनावर, फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी), मॅन्युअलमधल्या मापाने. नुसत्या कानाने करतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. थ्रॉटल बॉडी साफ, प्लग नवे, एअर फिल्टर कंपनीचा. झालं.

तुम्ही ज्या मजेसाठी गाडी ठेवताय ती इंजिनात कमी आणि खाली जास्त आहे. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्ट्रटच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरची बेअरिंग, मागच्या बीमचे दोन मोठे बुश, चारही शॉक ॲब्सॉर्बर. हे सगळं एकत्र नवं केलं की गाडी वळणात बसायला लागते. मालकांना वाटतं इंजिनाची ताकद वाढली. ताकद तीच असते, तिच्यावरचा विश्वास वाढलेला असतो. मागच्या बीमचे बुश प्रेसवर बसवायला लावा, हातोड्याने नाही. सगळं झाल्यावर कॉम्प्युटर अलाइनमेंट.

टायर व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ यायचे. वरच्या झेडएक्सआय मॉडेलला त्याच १४ इंची रिमवर १८५/७० असायचे. ते तुम्ही लावले तर वळणात फरक कळेल, स्टिअरिंग जरा जड होईल. त्याच्यापलीकडे १६ इंची अलॉय आणि पट्टीसारखे टायर नकोत. आपल्या रस्त्यांवर रिम वाकते आणि हलक्या गाडीचा हलकेपणा जातो. टायरवर चार आकडी खूण असते, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर पावसात यवतेश्वरवर वापरू नका. रबर दगड झालेलं असतं.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल ओढतं, आणि पसरणी घाट उतरताना ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे वडिलांना माहीत असेल, तुम्ही पाळता का ते बघा.

वायरिंगचे दोन शत्रू: उंदीर आणि ॲक्सेसरीवाला. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे येतात आणि गरम इंजिनावर घर करतात. गाडी शेताजवळ उभी राहत असेल तर हिवाळाभर आठवड्याला बोनेट उघडून बघा, रात्री बोनेट उघडं ठेवून खाली दिवा लावण्याचा जुना उपाय आजही चालतो. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका. सोल्डर आणि हीट-श्रिंक. दुसरा शत्रू जास्त घातक. मागच्या मालकांनी बसवलेले स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक, अलार्म, या सगळ्यांच्या मेलेल्या वायरी काढून टाका. तुमची एका घरातली गाडी आहे, काम कमी असेल. अर्थच्या (अर्थिंगच्या) जागा, बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन, खोलून घासून परत घट्ट करा. या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. अशक्त बॅटरी आणि गंजलेल्या अर्थवर ते अधूनमधून जड होतं, मेकॅनिक स्टिअरिंगच बदलायला सांगतो, आणि तो पार्ट स्वस्त नाही. आधी अर्थ बघा. हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब नकोत. उजेड कमी वाटत असेल तर रिले टाकून पूर्ण व्होल्टेज बल्बपर्यंत न्या. पिवळी पडलेली काच पॉलिश करा.

माल साठवायचा का? हो, पण निवडून. इंजिनाचा माल मिळत राहील हे वर सांगितलंच. पहिल्या पिढीच्या स्विफ्टची बॉडी २०११ मध्ये बदलली, तेव्हापासून फक्त तिच्याच मापाच्या वस्तू दरवर्षी कमी होत आहेत. हेडलाइट-टेललाइट, दाराची बीडिंग, काच उचलायची यंत्रणा, बाहेरचे आरसे, दाराची हँडलं, डॅशबोर्डची बटणं, प्लॅस्टिकच्या क्लिपा. पुण्याच्या नाना पेठेत दिवसभर फिरलात तर यातलं बरंच मिळेल. रबरी वस्तू आणि टायमिंग बेल्ट मात्र साठवू नका, कपाटातही त्यांचं वय वाढतं.

भागांसाठी दुसरी स्विफ्ट विकत घ्यायचा विचार असेल, आणि ती एमएच-१० किंवा एमएच-०९ ची असेल, तर पुराचं तेवढं बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ लाही पाणी आलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीट बेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, टोकाला मातीची रेषा असते. सीटच्या रुळांवरचे बोल्ट, डॅशखालच्या कनेक्टरच्या पिना, स्पीकरच्या मागचं कागदी कोन बघा. अशा गाडीची दारं, बोनेट, काचा घ्या. तिची वायरिंग, इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअरबॅग असेल तर ती, फुकट दिली तरी नको.

सीएनजी नाही. पैसे वाचतील, नाही म्हणत नाही. पण मागे सिलेंडरचं ओझं, डिकी गेली, आणि कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह-सीट लवकर झिजतात. ज्या गाडीत तुम्ही मजा शोधताय तिचीच मजा विकून पेट्रोलचे पैसे वाचवायचे, हा व्यवहार मला पटत नाही. कऱ्हाडला रोज जायचंच असेल तर त्यासाठी बसचा पास काढा किंवा दुसरी साधी गाडी ठेवा, ही शनिवार-रविवारी आणि मधे एखाद्या दिवशी. नुसती उभीही ठेवू नका. आठवड्यातून एकदा पूर्ण तापेल इतकी, वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे कासपर्यंत. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर पोलिसांना आवडतो, दंडाची पावती फाडायला. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणाऱ्याच्या दुकानात शिरू नका.

कागदांची भीती तुम्ही बाळगताय ती बहुतेक दिल्लीच्या बातम्यांमुळे. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल, हा नियम दिल्ली आणि एनसीआरचा. साताऱ्यात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं, ज्याला आपण रिपासिंग म्हणतो. तुमचं २०२२ मध्ये झालं असेल, तर पुढचं २०२७ ला. फॉर्म २५, मुदतीच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो. त्याआधी विमा, पीयूसी, पर्यावरण कर, थकलेली ई-चलनं आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, एवढं पूर्ण करा. तुमची गाडी बीएस-४ च्या आधीची, म्हणून पीयूसी सहा महिन्यांचं, वर्षाचं नाही. फी एप्रिल २०२२ पासून मोटारींना ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. मुदत उलटली तर महिन्याला ५०० दंड चढत जातो. तपासणीला नेताना चासी नंबर स्वच्छ वाचता येतोय ना ते आधी बघा. गंजलेल्या नंबरावरून होणारा त्रास इंजिन खराब असल्यापेक्षा मोठा असतो.

पैशाचं घरच्यांना काय सांगायचं? गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांची तुलना करू नका, त्यात तुम्ही हरणारच. तुलना नव्या गाडीच्या हप्त्याशी करा. पहिल्या वर्षी पत्रा, रबर, बेल्ट, सस्पेन्शन मिळून चांगला खड्डा पडेल, लाखाच्या जवळ गेला तरी दचकू नका. त्यानंतर वर्षाला पंचवीस-तीस हजार बाजूला काढत राहिलात तर बहुतेक वर्षी त्यातले उरतील. आणि थांबायचं कधी तेही आत्ताच ठरवून ठेवा. पुढच्या स्ट्रटचे बुरूज, मागचा बीम जिथे बॉडीला धरतो ती जागा, किंवा खालचे मुख्य बीम, यात खोल गंज निघाला, किंवा अपघातात बॉडीचं माप हललं, तर मग इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती गाडी घरच्यांना बसवायची नाही. इतर कुठल्याही कारणाने मी तुम्हाला विका म्हणणार नाही.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की चंदेरी रंग कंटाळवाणा झालाय, रंगवायचीच आहे तर लाल करू का. करता येतो, पण रंग बदलला की आरसीवर आरटीओकडून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर २०२७ च्या रिपासिंगला अडाल. शिवाय पूर्ण रंग बदलायचा म्हणजे दारांच्या आतल्या कडा, बोनेटची खालची बाजू, इंजिनची खोली, सगळं खोलून रंगवावं लागतं. एवढं कुणी नीट करत नाही आणि दार उघडलं की आतून चंदेरी दिसतो. आहे त्याच रंगात, गंजाचं काम झालेल्या भागापुरता, चांगल्या बूथमध्ये मारून घ्या. तेही पावसाळ्यात नको, डिसेंबर-जानेवारीत.